धाब्याला कठडा कोणी बांधायचा?

गेल्या वर्षी जून महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी, आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील बाल्कनीच्या खालचा काँक्रीटचा एक तुकडा निखळून पडला. तुकडा म्हणायचे, पण चांगला पाटा होता, दोघांनी मिळून उचलावा लागला. जिथे तो पडला तिथे आमच्या वॉचमनची मुलगी रोज संध्याकाळी गोणपाट टाकून अभ्यासाला बसते, कारण पार्किंगच्या दिव्याचा उजेड तिथेच नीट येतो. त्या दिवशीही ती बसली होती. आईने हाक मारली म्हणून पाणी आणायला उठली आणि मागे आवाज झाला. तिची वही आणि कंपासपेटी ढिगाऱ्याखाली सापडली.

"सायब, पोरगी आत्ताच पाण्याला गेलती," एवढेच एक वाक्य तिचे वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते.

खाली सगळे जमले. देवाने वाचवले, असे सगळेच म्हणाले. मीही म्हणालो आणि मनापासून म्हणालो. पण रात्री झोप येईना. त्या बाल्कनीला खालून भेग गेली आहे आणि तिच्यातून तांबूस पाणी ओघळते आहे, हे मला दोन वर्षांपासून माहीत होते. मी त्या सोसायटीचा सचिव. सोळा फ्लॅटमधून दुसरे कोणी तयार होईना, बँकेतून निवृत्त झालेला माणूस निदान हिशेब तरी नीट ठेवील, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडले होते. हिशेब मी नीट ठेवले. भेगेचा विषयही इतिवृत्तात तीन वेळा आहे. तिन्ही वेळा त्याच्यापुढे एकच वाक्य आहे, माझ्याच अक्षरातले: पुढील सभेत विचार करावा.

त्यानंतर प्रायश्चित्त संस्कारासाठी गेलो तेव्हा मी अडखळलो. सांगायचे काय? कोणाला खरचटलेसुद्धा नव्हते. मी कोणाचे वाईट चिंतले नव्हते, पैसे खाल्ले नव्हते, खोटे बोललो नव्हतो. तरी मन खात होते. फादरांना एवढेच म्हणालो, "एक काम करायचे राहिले, ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा राहिले." ते म्हणाले, "आधी ते करा." त्यावर मी घरी येऊन जो विचार केला तो आपल्या पत्रिकेच्या वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण आपल्यापैकी बरेच जण आता फ्लॅटमध्ये राहतात, आणि उरलेल्यांपैकी काहींनी वरचा मजला चढवून भाडेकरू ठेवलेले आहेत.

समजा दोन गावांत दोन सचिव आहेत. दोघांच्या इमारतीला सारखीच भेग, दोघांच्या इतिवृत्तात सारखेच वाक्य. एका ठिकाणी मुलीला आईची हाक ऐकू आली, दुसऱ्या ठिकाणी नाही. कायद्याच्या दृष्टीने ही दोन माणसे दोन टोकांना जातील. हलगर्जीपणामुळे मृत्यू घडवणे हा गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत त्याला कलम 304-अ होते आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 106 आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. एक सचिव कोर्टाच्या पायऱ्या चढेल, दुसऱ्याला कोणी काही विचारणारही नाही. कायद्याचे मी समजू शकतो. घडलेली गोष्ट सिद्ध करता येते, मनातला आळस कसा सिद्ध करणार? पण माझ्या सदसद्विवेकबुद्धीला ही सवलत नाही. दोघांनी केले ते सारखेच. फरक पडला तो एका बाईने हाक मारल्याने, आणि त्या हाकेचे श्रेय मला घेता येत नाही.

आता कायदा परिणाम झाल्यावरच जागा होतो, असे म्हटले तर तेही खरे नाही. हे मला त्या तुकड्यानंतर कळले, आधी कळायला हवे होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लिहिलेले आहे की इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे, म्हणजे इमारतीचा सांगाडा जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्यावा. मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांना लागू असलेल्या अधिनियमात कलम 265-अ आहे. इमारत वापरात येऊन 30 वर्षे झाली की मालकाने किंवा भोगवटादाराने ती महानगरपालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल अभियंत्याकडून तपासून घ्यायची, राहण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे आणि पुढे दर दहा वर्षांनी हेच करायचे. नांदेड-वाघाळा महानगरपालिका 1997 साली झाली, लातूरची 2011 साली. म्हणजे हे कलम आपल्या दारातले आहे, मुंबई-ठाण्याच्या बातम्यांतले नाही. 2006 चा आगप्रतिबंधक कायदाही तसाच. ज्या इमारतींना तो लागू होतो तिथे आगीची साधने चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे आणि परवानाधारक संस्थेचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. आपल्यापैकी किती जणांनी तो दाखला डोळ्यांनी पाहिला आहे? लाल बादल्यांत सिगारेटची थोटके मात्र सगळ्यांनी पाहिली आहेत.

आमच्या इमारतीत लोक राहायला आले 1991 साली. तीस वर्षे 2021 साली भरली. तोवरची पाच-पाच वर्षांची ऑडिटे कुठे गेली, हे विचारू नका. माझ्या आधीच्या तिघांनी केली नाहीत आणि मीही केले नाही.

पवित्र शास्त्रात ह्या विषयावर एक छोटासा नियम आहे. अनुवादाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, पाखरांचे घरटे आणि द्राक्षमळा यांच्या नियमांमध्ये तो बसवलेला आहे, त्यामुळे वाचताना आपण पुढे निघून जातो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी वरून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला धाबे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागेल. मराठवाड्यातल्या माणसाला नाही. आपली माळवदाची घरे तशीच. उन्हाळ्यात रात्री सगळे वर झोपायला, दिवसा वर मिरच्या वाळत घातलेल्या, कुरडया-पापड वर, पोरांचा खेळ वर. ज्या घराचे छप्पर हे अंगणही असते, त्या घरात कठडा हा शोभेचा विषय नसतो.

त्या नियमाशेजारी त्याहून जुना एक कायदा ठेवून पाहू. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून घेतलेल्या कायद्यांत असे आहे की घर कच्चे बांधल्यामुळे कोसळून घरमालक मेला, तर बांधणाऱ्याला ठार करावे. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. गुलाम मेला तर गुलामाच्या बदल्यात गुलाम. वाचून अंगावर काटा येतो, पण गंमत अशी की आजही इमारत पडली की टीव्हीसमोर बसून आपण नेमके हेच मागतो. बिल्डरला फाशी द्या. हम्मुराबीचा कायदा ढिगारा झाल्यावर सुरू होतो. अनुवादातला नियम घर नवे आहे, कोणी पडलेले नाही, तेव्हाच बोलतो. त्यात शिक्षा किती हे सांगितलेलेच नाही. काय करायचे ते सांगितले आहे, आणि ते कोणी करायचे तेही: ज्याचे घर आहे त्याने. गवंड्याने नव्हे. पडणारा कोण असेल हेही तो नियम विचारत नाही. घरचा असो, पाहुणा असो, गडी असो, चोरून चढलेला असो.

आता आपल्या भागातल्या सर्वांत मोठ्या दुःखाकडे येतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे. सरकारी नोंदीप्रमाणे मृत 7,928, आणि इतर गणतींत हा आकडा बराच पुढे जातो. आपल्यात असे काही जण असतील की ज्यांनी त्या आठवड्यात तिकडे जाऊन ढिगारे उपसले, जेवणाची पाकिटे वाटली. त्यांच्यासमोर मी फार बोलू नये. एकच गोष्ट बोलतो, कारण ती ह्या विषयाची आहे.

तो भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांपैकी नव्हता. तीव्रता सहाच्या थोडी वर. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, 17 जानेवारी 1994 रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे त्याहून जास्त, 6.7 तीव्रतेचा भूकंप झाला. तीही पहाटेचीच वेळ. तिथे साठ-सत्तर माणसे गेली. आपल्याकडे हजारो गेली, कारण आपल्याकडे माणसे दगडमातीखाली सापडली. भिंती दोन-अडीच फूट आणि कुठे त्याहून जाड, पण त्या एकसंध नव्हत्या. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड नाहीत. जमीन हलली तसे दोन थर दोन बाजूंना फुटले. वर लाकडाचे माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. माती का? ऊन लागू नये, पाऊस गळू नये म्हणून. गळले की वर आणखी माती. पणजोबांनी टाकली, आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली. प्रत्येकाने घर राखण्यासाठीच टाकली. वजन किती झाले हे कोणी मोजले नाही, कारण वजन एकदम कधीच वाढले नाही. जिथे माळवद लाकडी खांबांवर, खणांवर नीट पेललेले होते, तिथे काही घरांत भिंती ढासळल्या तरी वरचे छप्पर उभे राहिल्याचे अभ्यासकांना दिसले.

तेव्हा आणि नंतरही बऱ्याच तोंडी ऐकले की ही देवाची करणी, पापाचे फळ. प्रभू येशूला हाच प्रश्न त्याच्या काळात पडलेल्या एका इमारतीबद्दल सोडवावा लागला होता. यरुशलेममधल्या शिलोह येथील बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती माणसे इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असे समजू नका, असे त्याने सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. मेलेल्यांवरचा ठपका त्याने काढून घेतला, आणि लगेच जिवंत असलेल्यांकडे वळून त्यांनाच पश्चात्तापाबद्दल विचारले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. किल्लारीच्या माणसांनी वाडवडिलांच्या रीतीने घरे बांधली. 1993 पूर्वीच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 1992 सालीही तिथे धक्के बसले होते, लोक घाबरले होते, पण त्या घराचे नेमके काय चुकते आहे हे त्यांना कोणी येऊन सांगितले नव्हते. त्यांना दोष देणे हा अन्याय होईल. पण त्यानंतर? भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आणखी लाखभराहून जास्त घरांची दुरुस्ती-मजबुतीकरणाची योजना राबवली गेली. भिंतीला आरपार दगड घाला, छपरावरची माती कमी करा, घराभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवा, हे गावोगाव सांगितले गेले. 2002 च्या नकाशात लातूर भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. 21 मार्च 2024 रोजी सकाळी हिंगोलीजवळच्या भूकंपाने नांदेडमध्येही भांडी वाजली, त्याच जुलैत पुन्हा एकदा. म्हणजे आता माहीत नव्हते हे म्हणायची सोय आपल्याला राहिलेली नाही. ज्ञान आले की त्याच्यासोबत जबाबदारी येते, ती परत पाठवता येत नाही.

आणि आपण काय करतो आहोत? गच्चीवर माती टाकत नाही, पाण्याच्या टाक्या ठेवतो. 2016 चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या वर्षांनी आपल्या सगळ्यांच्या मनात एक भीती घालून दिली, आणि भीती बसली की माणूस साठवतो. आमच्या गच्चीवर मंजूर नकाशातली एक टाकी आहे. तिच्याखेरीज सहा काळ्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या, एकेकाने आपापली आणलेली, प्रत्येकी हजार लिटरची. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. सहा टन म्हणजे मालाने भरलेला एक लहान ट्रक आमच्या डोक्यावर वर्षानुवर्षे उभा होता, आणि तोही कॉलमच्या वर नाही, जिथे जागा मिळाली तिथे. त्यातली एक टाकी माझी. सचिवाची टाकी वर गेल्यावर दुसऱ्यांना कोण अडवणार?

मी बँकेत होतो, बांधकामातले मला कळत नाही, हे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत होतो. अज्ञानाबद्दल आपल्या ख्रिस्तसभेत फार पूर्वीपासून बारकाईने विचार झालेला आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात अज्ञानाचे प्रकार वेगळे केले. एक, जे टाळणे माणसाच्या हातात नसते, त्याचा दोष लागत नाही. दुसरे, जे कळून घेणे कर्तव्य असूनही कष्ट न केल्यामुळे राहिलेले. आणि तिसरे सर्वांत वाईट, जे माणूस मुद्दाम राखून ठेवतो, कारण कळले तर काहीतरी करावे लागेल. आमच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला तेव्हा एक सभासद अगदी मोकळेपणाने म्हणाले, "कागदावर आलं की अडकलो. उद्या फ्लॅट विकायचा म्हटलं तर कोण घेणार?" सगळे गप्प बसले, कारण ते सगळ्यांच्याच मनातले होते. त्या वाक्याचा अर्थ नीट पाहिला तर असा होतो की धोका आहे याची आपल्याला दाट शंका आहे, आणि ज्याला शंका नाही अशा कोणाला तरी तो विकण्याचा मार्ग मोकळा ठेवायचा आहे. हे बोलणारे गृहस्थ वाईट नाहीत. त्यांच्या मुलीचे लग्न त्या फ्लॅटच्या किमतीवर अवलंबून आहे. पण घेणाऱ्यालाही मुलगी असू शकते.

दुसरा युक्तिवाद बहुमताचा. सभेने ठराव पुढे ढकलला, मी एकटा सचिव काय करणार? हा युक्तिवाद माझा स्वतःचा होता आणि मला तो बराच काळ भक्कम वाटत होता. लोकशाही आहे, सोळापैकी अकरा जणांनी हात वर केले. पण हात वर करणारे कोण? फ्लॅटचे मालक. खाली बसणाऱ्या मुलीला मत नाही. तिच्या आईवडिलांना नाही. चार फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, त्यांना नाही. दूधवाला, कचऱ्याची गाडी घेऊन येणाऱ्या बायका, गॅस सिलिंडर खांद्यावरून चढवणारा मुलगा, यांना कोणाला नाही. स्वतःच्या डोक्यावरचा धोका मी स्वीकारला असे मला म्हणता येईल. दुसऱ्याच्या डोक्यावरचा धोका मी बहुमताने कसा स्वीकारणार? काइनाने आपण भावाचे राखणदार आहोत का, असे उलट विचारले होते. आमच्या इमारतीत राखणदार तर आम्ही पगार देऊन ठेवला आहे, आणि त्याचीच मुलगी राखायची राहिली.

जबाबदारी नेमकी कोणाची, ह्याला एक उत्तर नाही आणि तिथेच ती हरवते. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडला तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जण गेले. तिला दहा वर्षेही झाली नव्हती. तिथे बोट बांधणाऱ्यांकडे आणि परवानगी देणाऱ्यांकडे गेले. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची साईदर्शन इमारत पडून 17 जण गेले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांवर ठपका आला आणि ती जागा ज्याच्या ताब्यात होती त्याला अटक झाली. ऑगस्ट 2025 मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट पडली, पुन्हा 17 जण, आणि ती इमारत अनधिकृत असल्याचे पुढे आले. 27 सप्टेंबर 2013 रोजी मुंबईत डॉकयार्ड रोडला 61 माणसे ज्या इमारतीखाली गेली ती तर महानगरपालिकेचीच होती. बिल्डर, अधिकारी, खालचा दुकानदार, स्वतः मालक. प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे दाखवायला एक बोट असते आणि बहुतेक वेळा ते बोट खोटेही नसते. आमच्या इमारतीत तर बिल्डर कधीच वारले. बाल्कनी काचा लावून बंद करणारे एक, तिच्यात कुंड्या आणि वॉशिंग मशीन ठेवणारे दुसरे, वरून पाणी मुरू देणारे तिसरे, आणि पुढील सभेत विचार करावा असे लिहिणारा मी. दोष वाटला गेला म्हणून तो कमी होतो, असा आपला समज आहे. चौघांनी मिळून उचललेले ओझे हलके होते हे खरे, पण चौघांनी मिळून सोडलेले ओझे पूर्ण वजनानेच पडते.

पद मानद असल्याचाही आधार मी घेऊन पाहिला. पगार नाही, उलट शिव्या खायच्या. पण आपल्या पॅरिश कौन्सिलचे सभासद, संडे स्कूल घेणाऱ्या आमच्या बहिणी, कोणाला पगार आहे? सहलीला नेलेल्या मुलांना नदीत उतरू दिले आणि वर मी तर बिनपगारी, असे म्हटलेले आपण चालवून घेऊ का? पद नको असेल तर ते सोडता येते. धरून ठेवून रिकामे ठेवता येत नाही.

एवढे सगळे लिहिल्यावर जे खरोखर अवघड आहे ते सांगायला हवे. तुकडा पडल्यावर महिन्याभरात आम्ही ऑडिट करून घेतले. अभियंता आले, त्यांनी हातोडीने कॉलम ठोकून पाहिले, उपकरणाने काँक्रीटची ताकद तपासली. लोखंड गंजले की फुगते आणि बाहेरचे काँक्रीट ढकलून फोडते, ही साधी गोष्ट त्यांनी सळई दाखवून समजावली. तांबूस पाणी म्हणजे आतले लोखंड बोलत होते. अहवालात इमारत पाडायची वेळ नाही, पण मोठी दुरुस्ती ताबडतोब, असे आले. खर्च प्रत्येक फ्लॅटला एक लाख दहा हजार. आमचा सिंकिंग फंड नावाला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी कुटुंब निवृत्तिवेतनावर एकट्या राहतात. त्यांच्याकडे एक लाख दहा हजार नाहीत आणि मागायचे कोणाकडे हाही प्रश्न आहे. कायदा कर्तव्य सांगतो, पैसे देत नाही. जो कायदा गरिबाला सुरक्षित घराच्या नावाखाली घराबाहेर काढतो त्याला न्याय म्हणवत नाही, आणि गरिबाची दया येऊन भेग तशीच ठेवणे यालाही दया म्हणवत नाही. मला याचे सोपे उत्तर सापडलेले नाही. मोठ्या शहरांत पुनर्विकास करून मार्ग काढतात, कारण तिथे जागेला भाव आहे. आपल्या गावी चार मजल्यांच्या जुन्या इमारतीसाठी कोणी बिल्डर रांग लावून उभा नाही.

आम्ही चार घरांनी मावशींचा वाटा उचलायचे ठरवले आणि मोठ्या मनाने सांगायला गेलो. त्या रागावल्या. म्हणाल्या, "मला भीक नको. हप्ता बांधून द्या. आणि तुमच्या त्या टाक्या आधी खाली घ्या, त्या काय माझ्या आहेत का?" मराठवाड्याच्या बाईचे बोलणे. आम्ही खाली मान घालून आलो. दरमहा दीड हजारांचा हप्ता त्यांनी आजवर एकदाही चुकवलेला नाही. फ्लॅट विकण्याची काळजी असलेले गृहस्थ मात्र अजून पैसे देत नाहीत. त्यांना सोसायटीने कायदेशीर नोटीस दिली आहे. ती माझ्या सहीने गेली आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. शेजारी गमावणे हाही एक खर्च आहे, तो अहवालात लिहिलेला नव्हता.

टाक्या खाली आल्या. माझी पहिली. जमिनीवर काँक्रीटचा ओटा करून त्या ठेवल्या आणि वर चढवायला लहान पंप बसवला. बाल्कन्यांचे काम जानेवारीत सुरू झाले, अजून दोन राहिल्या आहेत, त्यांच्याखाली लोखंडी टेकू लावले आहेत आणि दोरी बांधून जागा बंद केली आहे. गच्चीचा कठडा एका बाजूला डिश अँटेना बसवताना फोडलेला होता. तोही बांधून घेतला, उंची वाढवून.

वॉचमनच्या मुलीला सोसायटीच्या ऑफिसची किल्ली दिली. खोली लहान आहे, पण ट्यूबलाईट आहे आणि पंखा आहे. पहिल्या दिवशी तिने आत येऊन आधी वर पाहिले. "काका, हे बघून घेतलंय ना?" तिने विचारले. मी म्हणालो, इंजिनिअर साहेबांनी पाहिले आहे. तिने मान डोलावली, आणि तरीही टेबल ओढत नेऊन भिंतीला लागून, बीमच्या बरोबर खाली ठेवले.